उपरेपणाची घडण : रोमा समाजाचे मूळ, भाषा आणि साहित्य

प्रास्ताविक

युरोपातील सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्य समाज म्हणून रोमा समाजाचा उल्लेख केला जातो. युरोप परिषदेच्या अंदाजानुसार या समाजाची युरोपातील लोकसंख्या १ कोटी ते १ कोटी २० लाख इतकी आहे. मात्र हा समाज जगाला परिचित आहे तो इतरांनी दिलेल्या नावांनी. हे लोक इजिप्तमधून आले असावेत या गैरसमजातून इंग्रजीतील 'जिप्सी' आणि स्पॅनिशमधील 'हितानो' ही नावे रूढ झाली. जर्मन 'त्सिगॉयनर', फ्रेंच 'त्सिगान' ही नावे बायझंटाइन ग्रीक भाषेतील एका शब्दावरून आली. या समाजाच्या स्वतःच्या भाषेत मात्र 'रोम' म्हणजे पुरुष, पती, आपल्यातला माणूस. 'रोमा' हे त्याचे अनेकवचन होय. भारतीय 'डोम' या शब्दाशी त्याचे नाते अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे मान्य केले आहे. समाजाबाहेरच्या माणसाला रोमा 'गाजो' म्हणतात.

रोमांविषयी गेल्या अडीचशे वर्षांत जे लेखन झाले, त्यात दोन प्रवाह ठळकपणे दिसतात. पहिला प्रवाह मूळ शोधणाऱ्या भाषाशास्त्राचा, तर दुसरा रोमांना मुक्त, बेबंद जीवनाचे प्रतीक मानणाऱ्या स्वच्छंदतावादी साहित्याचा. दोन्ही प्रवाहांत पुष्कळदा सहानुभूती आढळते. तथापि, पहिला प्रवाह रोमांना हजार वर्षांपूर्वीच्या भारतात नेऊन ठेवतो आणि दुसरा न संपणाऱ्या रस्त्यावर. ज्या गावांत व शहरांत हा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला, तेथे तो मुळात बाहेरचाच आहे, ही समजूत दोहोंमुळे नकळत दृढ होते. याउलट रोमा लेखक-कवींचे लेखन वाचताना त्यांचे लक्ष मूळ स्थानापेक्षा मुक्कामाच्या स्थानावर आहे, असे प्रकर्षाने जाणवते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार करावयाचा असून, उपरेपण ही रोमांची जन्मजात अवस्था नसून इतिहासाने, कायद्याने आणि वाङ्मयाने घडविलेली अवस्था आहे, असे प्रतिपादन करावयाचे आहे.

भाषेची साक्ष

रोमानी ही भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे, याविषयी आता मतभेद उरलेला नाही. मराठी वाचकाला तर त्यासाठी फारशा पुराव्याची गरज भासू नये. 'पानी', 'कान', 'नाख', 'कालो', 'मनुश', 'बोख' (भूक), 'बेर्श' (वर्ष), 'दिवेस' (दिवस), 'लोन' (मीठ) हे रोमानी शब्द त्याला ओळखीचे वाटतात. काही शब्दांत ध्वनिपरिवर्तनाचा नियम स्पष्ट दिसतो. युरोपातील रोमानीत जुन्या घ, ध, भ या घोष महाप्राण ध्वनींच्या जागी ख, थ, फ हे अघोष महाप्राण आले आहेत. त्यामुळे 'घर'चे 'खेर', 'धूम'चे 'थुव' आणि 'भगिनी'चे 'फेन' झाले. 'दुग्ध' या शब्दातील महाप्राण आधी शब्दारंभी सरकला आणि मग अघोष होऊन 'थुद' असे रूप सिद्ध झाले.

रोमानीच्या कालनिश्चितीच्या प्रश्नात मराठीशी तुलना विशेष उपयोगी ठरते. संस्कृतातील तीन लिंगे मराठी, गुजराती व कोकणी या भाषांनी टिकवून धरली. उत्तर भारतातील हिंदी, पंजाबी इत्यादी भाषांत नपुंसकलिंग लोपले. रोमानीतही दोनच लिंगे आहेत आणि जुनी नपुंसकलिंगी नामे बहुतांशी पुल्लिंगात मिसळली आहेत. हा लोप झाल्यानंतरच रोमांच्या पूर्वजांनी भारत सोडला असावा, म्हणजेच हे स्थलांतर इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या अखेरीच्या सुमारास घडले असावे, असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये रोमानीचा पाया मध्य भारतीय-आर्य गटात असून नंतर तिच्यावर वायव्येकडील भाषांचा संस्कार झाला, असे दाखवून दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाचाही रोख वायव्य भारताकडेच होता.

याच भाषेत प्रवासाचेही थर साठलेले आहेत. फार्सी व आर्मेनियन शब्दांनंतर सर्वांत जाड थर ग्रीकचा आहे. रोमानीत 'एख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव' ही सहापर्यंतची संख्यानामे भारतीय आहेत. सात, आठ, नऊ यांसाठी 'एफ्ता, ओख्तो, एन्या' हे ग्रीक शब्द आहेत आणि दहासाठी पुन्हा भारतीय 'देश' आहे. बायझंटाइन साम्राज्याच्या प्रदेशात रोमांचे वास्तव्य दीर्घकाळ होते, हेच यावरून सिद्ध होते. एक शब्दजोडी या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. रोमानीत घराला 'खेर' म्हणतात, हा शब्द भारतीय आहे. रस्त्याला 'द्रोम' म्हणतात, हा शब्द ग्रीक आहे. केवळ दोन शब्दांवरून इतिहास रचता येत नाही हे खरेच. तरीही ज्या समाजाला स्वभावतःच रस्त्यावरचा समाज म्हटले गेले, त्याच्या भाषेत घराचा शब्द आधीचा आहे आणि रस्त्याचा नंतरचा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मूळशोध आणि अवहेलना

रोमानीचे भारतीयत्व प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने मांडले ते योहान रूडिगर यांनी १७८२ मध्ये. हाले या शहरात बार्बारा माकेलिन नावाच्या एका रोमा स्त्रीकडून त्यांनी वाक्यांची भाषांतरे मिळविली आणि त्यांची हिंदुस्तानीच्या व्याकरणाशी तुलना केली. रोमांना मिळणारी वागणूक ही प्रबोधनयुगाला लाज आणणारी विसंगती आहे, असेही त्यांनी नमूद केले. पुढच्याच वर्षी, १७८३ मध्ये, हाइनरिश ग्रेलमान यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. युरोपभर भाषांतरित झाला आणि प्रमाण मानला गेला तो हाच ग्रंथ. ग्रेलमान यांनी भारतीय मूळ मान्य केले, पण ते भारतातील सर्वांत खालच्या मानलेल्या थरात शोधले. आळस, चौर्य व अनाचार हे रोमांचे उपजत गुण असल्याचे त्यांनी ऐकीव माहितीच्या आधारे रंगविले. म्हणजे मूळ सापडले त्याच क्षणी ते अवहेलनेचे कारणही बनले. रूडिगर यांच्यासाठी भारतीय मूळ हा माणूस समजून घेण्याचा मार्ग होता. ग्रेलमान यांनी तोच पुरावा माणसावर शिक्का मारण्यासाठी वापरला.

या विचाराची भीषण परिणती विसाव्या शतकात झाली. १८९९ मध्ये म्युनिक येथे पोलिसांनी रोमांची नोंद ठेवणारे स्वतंत्र कार्यालय उघडले. १९३६ पासून रॉबर्ट रिटर यांच्या वंशशास्त्रीय विभागाने जर्मनीतील सिंती व रोमा कुटुंबांच्या वंशावळी जमविल्या. येथे एक विरोधाभास उभा राहिला. नाझी विचारसरणीच्या परिभाषेत भारतातून आलेला, भारतीय-आर्य भाषा बोलणारा समाज 'आर्य' ठरावयास हवा होता. रिटर यांनी त्यावर उत्तर शोधले ते असे की, मूळचे 'शुद्ध' लोक आता फारच थोडे उरले असून बहुसंख्य लोक मिश्र रक्ताचे, म्हणून समाजघातक आहेत. 'शुद्ध' मानलेल्या थोड्यांना नमुना म्हणून राखून ठेवण्याची कल्पना हिमलरनेही काही काळ बाळगली होती. १६ डिसेंबर १९४२ च्या त्याच्या आदेशानुसार हजारो सिंती-रोमांची रवानगी आउशवित्झला झाली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तेथील रोमा छावणीतील उरलेल्या हजारो स्त्री-पुरुष-बालकांना विषारी वायूने मारण्यात आले. युरोपभर मारल्या गेलेल्या रोमांची संख्या २ लाख ते ५ लाख यांदरम्यान असावी, असे अंदाज आहेत. प्राचीन व अभिजात मूळ सिद्ध झाले म्हणून कोणाचा जीव वाचला नाही.

रिटर यांच्या सहकारी एव्हा युस्टिन यांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. त्यांना रोमानी भाषा अवगत होती आणि त्या भाषेच्या बळावर त्या कुटुंबांत मिसळत. जर्मनीतील मुल्फिंगेन येथील बालगृहातील सिंती मुलांवर त्यांनी आपला प्रबंध लिहिला. अभ्यास पूर्ण होईपर्यंत त्या मुलांना तेथे ठेवण्यात आले आणि मे १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झला पाठविले गेले. त्यांतील मोजकीच वाचली. युद्धानंतर युस्टिन यांना शिक्षा झाली नाही. एवढेच नव्हे, तर १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९४३ पूर्वीचा रोमांचा छळ वांशिक स्वरूपाचा नव्हता, असा निर्णय दिला. तो १९६३ मध्ये बदलण्यात आला. वंशसंहार म्हणून अधिकृत मान्यता मिळण्यास १९८२ साल उजाडावे लागले.

'स्वच्छंद जिप्सी'ची वाङ्मयीन प्रतिमा

साहित्यातील प्रतिमेकडे वळल्यास वेगळे चित्र दिसते. तेथे द्वेषापेक्षा आकर्षण अधिक आहे. परंतु या आकर्षणाची घडण तपासून पाहणे आवश्यक आहे.

सेर्व्हांतेसच्या १६१३ मधील 'ला हितानिया' या कथेतील नायिका प्रेसिओसा ही रूपवती, चतुर व शीलवती आहे. कथेच्या शेवटी ती लहानपणी पळविलेली कुलीन घराण्यातील कन्या असल्याचे उघड होते. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ मधील 'नोत्र-दाम द पारी' या कादंबरीतील एस्मेराल्डाही अशीच फ्रेंच मातेची हरवलेली मुलगी निघते. दोन कृतींमध्ये दोन शतकांचे अंतर आहे, पण युक्ती तीच आहे. गुणी नायिका हवी असेल तर ती जन्माने रोमा असून चालत नाही. शिवाय रोमा लोक मुले पळवितात, हा अपसमज या कथानकांनी पक्का केला तो वेगळाच.

पुश्किनच्या 'जिप्सी' या काव्याचे स्थान अधिक वरचे आहे. नागर जीवनाला कंटाळलेला आलेको रोमांच्या तांड्यात येतो, पण मनातील मालकीहक्क सोडू शकत नाही आणि त्यातून हत्या घडते. स्वातंत्र्याची भाषा बोलणारा सुसंस्कृत माणूसच स्वातंत्र्याला अपात्र ठरतो, ही या काव्यातील मर्मदृष्टी मोलाची आहे. मात्र १८२४ मध्ये हे काव्य पूर्ण झाले तेव्हाची परिस्थिती पाहिली पाहिजे. पुश्किनने ज्या बेसाराबियात या लोकांना पाहिले, त्याच्या शेजारच्या मोल्दाविया व वालाकिया या प्रांतांत रोमा हे गुलाम होते. तेथील रोमांच्या गुलामगिरीच्या लिखित नोंदी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात. राजा, मठ व जमीनदार या तिघांच्या मालकीचे रोमा होते. त्यांची विक्री होई, त्यांना दान म्हणून देण्यात येई आणि कुटुंबे विभागली जात. मिहाइल कोगल्निचानू यांनी १८३७ मध्येच लिहून ठेवले की, अमेरिकेतील गुलामांसाठी संस्था स्थापणाऱ्या युरोपला आपल्या पोटातील रोमा गुलाम दिसत नाहीत. ही गुलामगिरी मोल्दावियात १८५५ मध्ये आणि वालाकियात १८५६ मध्ये संपली. म्हणजे ज्या काळात युरोपीय काव्य रोमांना मुक्ततेचे प्रतीक करीत होते, त्याच काळात लक्षावधी रोमा खरेदीखतावरील वस्तू होते.

मेरिमेची 'कार्मेन' १८४५ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिचे तीन भाग होते. पुस्तकरूपात आणताना मेरिमेने चौथा भाग जोडला. त्यात कथा नाही. त्यात रोमांच्या चालीरीती व भाषा यांविषयीचे विद्वत्तापूर्ण विवेचन आहे. तिसऱ्या भागाच्या अखेरीस कार्मेनचा खून होतो आणि चौथ्या भागात निवेदक तिच्या जातीच्या शब्दांच्या व्युत्पत्ती सांगू लागतो. समीक्षकांनी हा भाग अनेकदा अनावश्यक ठरविला आहे. वास्तविक तो अतिशय बोलका आहे. प्रारंभी उल्लेखिलेले दोन्ही प्रवाह येथे एकत्र आले आहेत. प्रणयरम्य प्रतिमेतील स्त्री मेल्यावर उरतो तो तिच्या भाषेचा अभ्यास. तिला स्वतःला काय म्हणावयाचे होते, हा प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरित राहतो.

रोमांचे स्वतःचे लेखन

हा प्रश्न विसाव्या शतकात रोमा लेखकांनी हाती घेतला. मातेओ मॅक्सिमॉफ (१९१७-१९९९) हे काल्देराश गटातील, म्हणजे ताम्रकारांच्या समाजातील लेखक. त्यांची पहिली कादंबरी 'ले उर्सितोरी' १९४६ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील छावणीत त्यांना स्थानबद्ध करण्यात आले होते. १९५५ मधील त्यांची कादंबरी रुमानियातील रोमांच्या गुलामगिरीवर आहे आणि तिच्या नावाचाच अर्थ 'स्वातंत्र्याची किंमत' असा होतो. पुश्किनच्या काव्यात रोमांना स्वातंत्र्य स्वभावतः लाभलेले आहे. मॅक्सिमॉफ यांच्या कादंबरीत ते किंमत मोजून मिळवावे लागते. केवळ या एका फरकातून आतली व बाहेरची दृष्टी यांतील अंतर स्पष्ट होते.

पोलंडमधील ब्रोनिस्वाव्हा वाइस या कवयित्रीची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. तिच्या माणसांत ती 'पापुशा', म्हणजे बाहुली, या नावाने ओळखली जाई. तांड्यासोबत फिरत असतानाच ती वाचावयास शिकली. युद्धकाळात व्होल्हीनियाच्या अरण्यात लपून तिने व तिच्या माणसांनी जीव वाचविला. या अनुभवावर तिने रोमानीत दीर्घ कविता रचली. त्या कवितेत रोमांच्या यातनांसोबत एका ज्यू मुलीचेही दुःख येते. पापुशाच्या कवितेतील अरण्य हे स्वच्छंदतावादी कवींच्या अरण्यासारखे केवळ रमणीय नाही. ते आश्रय देणारे, लपविणारे, उपाशी ठेवणारे असे विशिष्ट अरण्य आहे. त्याला भूगोल आहे, साल आहे.

१९४९ मध्ये येझी फिट्सोव्स्की या पोलिश कवीची तिच्याशी भेट झाली. त्याने तिच्या कविता पोलिशमध्ये आणल्या आणि १९५० मध्ये त्या प्रथम नियतकालिकात छापून आल्या. याच सुमारास पोलंडचे शासन रोमांना सक्तीने स्थिर करण्याचे धोरण राबवू लागले होते. १९५३ मध्ये फिट्सोव्स्कीचा पोलिश रोमांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात समाजाच्या चालीरीतींची माहिती व रोमानी शब्दसंग्रह होता. समाजाचे गुपित परक्यांच्या हाती दिल्याचा ठपका पापुशावर आला आणि ती बहिष्कृत झाली. मनोरुग्णालयात तिला राहावे लागले. तिने आपल्या लेखनाचा काही भाग जाळून टाकला. १९५६ मध्ये तिचा संग्रह निघाला खरा, परंतु त्यानंतर १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिने फारच थोडे लिहिले.

या घटनेचे सोपे वाचन असे केले जाते की, परंपरानिष्ठ समाजाने आपल्या प्रतिभावंत स्त्रीचा बळी घेतला. त्यात तथ्यांश आहे. स्त्रीने लिहावे, परक्यांशी बोलावे, हेच अनेकांना रुचलेले नव्हते. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. मुल्फिंगेनची मुले मारली गेल्याला त्या वेळी दहा वर्षेही लोटली नव्हती. आपली भाषा जाणणारा परका माणूस आपल्या याद्या तयार करतो आणि याद्यांच्या मागोमाग पोलीस येतात, हा मध्य युरोपातील रोमांचा ताजा अनुभव होता. शब्दसंग्रहाची त्यांना वाटलेली भीती ही अंधश्रद्धा म्हणता येणार नाही. फिट्सोव्स्कीचा हेतू प्रामाणिक होता आणि त्याच्याविना पापुशाची कविता कदाचित जगापर्यंत पोहोचलीच नसती. तरीही चांगल्या हेतूने गोळा केलेले ज्ञान कोणाच्या हाती पडते, याचा विचार अभ्यासकाला टाळता येत नाही. मौखिक सामग्रीचे संकलन करणाऱ्या प्रत्येक संशोधकापुढे पापुशाचे मौन हा प्रश्न उभा करते.

हंगेरीतील मेनिहेर्त लाकातोश यांची 'धुरकट चित्रे' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फिरता तांडा नाही. गावाबाहेरची कायमची वस्ती आहे आणि त्या वस्तीतून शाळेत जाणारा मुलगा आहे. वस्ती त्याला परका मानू लागते आणि शाळा त्याला आपला मानत नाही. पूर्व युरोपातील बहुसंख्य रोमा पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत, हे वास्तव या कादंबरीने वाङ्मयात आणले. ऑस्ट्रियातील चेया स्टोइका (१९३३-२०१३) यांनी बालपणी आउशवित्झ, राव्हेन्सब्रुक व बेर्गन-बेल्झन या तीन छावण्या पाहिल्या. १९८८ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. 'आम्ही लपून जगतो' असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. शीर्षकातील वर्तमानकाळ अर्थपूर्ण आहे. युद्ध संपून चार दशके उलटल्यावरही लपणे संपलेले नाही, असे ते सुचविते.

या चारही लेखकांत एक समान सूत्र आढळते. भारत हे हरवलेले घर म्हणून त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी नाही. त्यांचा दावा रुमानियाच्या, पोलंडच्या, हंगेरीच्या, ऑस्ट्रियाच्या इतिहासावर आहे. 'आम्ही येथे होतो' एवढेच हे लेखन सांगते, पण ते नाकारले गेले असल्यामुळेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

बहिष्करणाची यंत्रणा

रोमांचे भटकेपण हेच त्यांच्या बहिष्करणाचे कारण, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. इतिहास मात्र उलट क्रम दाखवितो. स्पेनमध्ये १४९९ च्या फर्मानाने रोमांना स्थिर व्हा अथवा देश सोडा असे फर्मावले गेले. इंग्लंडमध्ये १५३० च्या कायद्याने त्यांना प्रवेशबंदी झाली. स्पेनमध्येच १७४९ मध्ये एकाच वेळी देशभर धरपकड करून हजारो रोमांना कैद करण्यात आले. त्यांत मोठी संख्या गावांत स्थायिक झालेल्यांची होती, कारण सापडण्यास तेच सोपे होते. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने भटक्यांना शरीरमापे व बोटांचे ठसे असलेली पुस्तिका बाळगणे सक्तीचे झाले. १९६९ मध्ये तिची जागा नव्या प्रवास-पुस्तिकांनी घेतली आणि उरलेले फिरतीचे दस्तऐवज २०१७ मध्ये रद्द झाले. थांबू न देणे आणि फिरणे हा गुन्हा ठरविणे, अशा दुहेरी पेचात हा समाज सापडला.

आजची यंत्रणा प्रामुख्याने शाळा व वस्ती यांतून काम करते. १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने चेक प्रजासत्ताकाविरुद्ध दिलेला निकाल या बाबतीत मूलभूत मानला जातो. ओस्त्रावा शहरातील १८ रोमा विद्यार्थ्यांना मतिमंद मुलांसाठी असलेल्या विशेष शाळांत घालण्यात आले होते. त्या शहरात रोमा मुलाला अशा शाळेत टाकले जाण्याची शक्यता बिगर-रोमा मुलाच्या २७ पट होती. हेतू सिद्ध झाला नसला तरी परिणाम भेदभावाचाच आहे, असे न्यायालयाने मान्य केले. मुलांची परीक्षा ज्या कसोट्यांनी घेतली गेली, त्या त्यांच्या भाषेचा व जीवनाचा विचार करून तयार केलेल्या नव्हत्या. युरोपीय संघाच्या मूलभूत अधिकार संस्थेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ८० टक्के रोमा दारिद्र्याच्या धोक्याच्या पातळीखाली असल्याचे आढळले. २००५ ते २०१५ हे 'रोमा समावेशन दशक' म्हणून अनेक देशांनी पाळले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मराठी वाचकापुढील प्रश्न

रोमांचे स्थान मराठी मनात बहुधा 'जिप्सी' या शब्दानेच निश्चित केलेले आहे. मंगेश पाडगावकरांच्या संग्रहाच्या नावातून हा शब्द मराठी काव्यात रुजला आणि चौकटीत न मावणाऱ्या मनाचे ते सुंदर रूपक झाले. रूपकाची वाङ्मयीन सार्थकता नाकारण्याचे कारण नाही. पण रूपकामागे जिवंत समाज आहे याचे भान सुटू नये.

या शब्दाचा आणखी एक प्रवास भारतात झाला. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा ११ वा खंड १९२२ मध्ये 'जिप्सी भाषा' या नावाने निघाला. स्टेन कोनो यांनी तयार केलेल्या या खंडात भामटी, कोल्हाटी, कंजारी, सांसी इत्यादी बोलींचा समावेश आहे. युरोपातील रोमानीशी असलेले विशेष नाते हा या वर्गीकरणाचा आधार नव्हता. बोलणाऱ्यांचे फिरते जीवन हाच निकष होता. यांपैकी अनेक समाज १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत जन्मतः गुन्हेगार ठरविले गेले होते. युरोपातील एका समाजाविषयीचा पूर्वग्रह येथे भाषावर्गीकरणाचे नाव बनला. लमाण-बंजारा व रोमा हे एकच होत, अशी जी लोकप्रिय समजूत आढळते, तिच्याकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. लमाणी ही राजस्थानी गटाशी निगडित बोली आहे आणि रोमानी त्यापूर्वीच वेगळी होऊन दूर गेली होती. वेषातील साम्य हा भाषिक पुरावा होत नाही.

भारताने रोमांशी असलेले नाते जपण्याचा प्रयत्न केला आहे. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली आणि चक्रांकित ध्वज स्वीकारला गेला. पुढे वीर राजेंद्र ऋषी यांनी चंडीगढ येथे रोमानी अभ्यासाचे कार्य उभे केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये नवी दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली आणि तीत रोमांना भारताची लेकरे म्हणून गौरविण्यात आले. हा जिव्हाळा स्वागतार्ह आहे. अनेक रोमा कार्यकर्त्यांना या मान्यतेने बळही मिळाले. तथापि, 'तुम्ही मूळचे आमचे' या वाक्यातून 'तुम्ही तेथले नाही' असाही अर्थ काढता येतो आणि युरोपातील वंशवादी शक्तींना नेमके हेच म्हणावयाचे असते. नाते सांगताना त्या समाजाच्या युरोपीय नागरिकत्वाचा दावा दुबळा होणार नाही, ही काळजी घेणे अगत्याचे आहे.

तसेच दूरच्या लेकरांविषयीचा अभिमान जवळच्यांविषयीच्या उदासीनतेवर पांघरूण ठरू नये. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाची आठवण महाराष्ट्रातील विमुक्तांच्या मनातून गेलेली नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने लाकातोश यांच्या कादंबरीशेजारी ठेवून वाचली, तर शाळेचा उंबरठा, पोलिसांची धास्ती आणि जातपंचायतीचा दाब या तीन गोष्टी दोन्हीकडे आढळतात. हे साम्य रक्ताचे नाही. सारख्या वागणुकीतून आलेले ते साम्य आहे आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. रोमानीचे भारतीय-आर्य मूळ निर्विवाद आहे, परंतु त्या मुळाच्या ज्ञानाने रोमांचे रक्षण झाले नाही. ते ज्ञान प्रसंगी त्यांच्या विरोधातच वापरले गेले. स्वच्छंदतावादी साहित्याने रोमांना मुक्ततेचे प्रतीक केले, त्या काळात त्यांचा मोठा भाग गुलामीत होता. रोमा लेखकांनी मुळापेक्षा मुक्कामाला महत्त्व दिले आणि आपण ज्या भूमीत राहिलो तिच्या इतिहासात आपली नोंद मागितली. यापुढील अभ्यासात त्यांच्या लेखनाला आधारसामग्रीपलीकडचे, समीक्षेचे स्थान मिळाले पाहिजे. मॅक्सिमॉफ, पापुशा, लाकातोश व स्टोइका यांच्या कृती मूळ भाषांतून मराठीत येणे आणि विमुक्त-भटक्यांच्या आत्मकथनांसोबत त्या तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात वाचल्या जाणे, ही त्या दिशेची पहिली पायरी ठरेल.